चार डोळ्यांचा शब्द

घरात तिला धाकटी म्हणत. पन्नाशी उलटली, कानाजवळचे केस पांढरे झाले, पोरं शिकून लांब गेली, बिऱ्हाडं वेगळी झाली, तरी धाकटीच. कारण थोरली जाऊ अजून थोरली होती आणि घरात आवाज तिचाच चालायचा. थोरली लोकांना गाडी शिकवायची. स्वतःची गाडी, टपावर फोन नंबराची पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो जादाचा ब्रेक. तो दाबून दाबून आपली एक पोटरी दुसरीपेक्षा जाड झालीये, असं ती चारचौघांत सांगायची. कोणी हसलं की मोजून दाखवायला टेप आणायला निघायची.

धाकटी डॉक्टर होती, पण नाडी बघणारी नव्हे. सरकारने देशभर बायकांच्या स्तनांच्या तपासणीची मोहीम काढली होती. ठरावीक वयाच्या प्रत्येक बाईला बोलावणं जायचं. ती केंद्रावर यायची, यंत्राच्या दोन फळ्यांत छाती दाबून घ्यायची, मनातल्या मनात यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि घरी जायची. मागे उरायची तिची चार चित्रं. अंधाऱ्या खोलीत बसून ती चित्रं वाचणं हे धाकटीचं काम. वाचणं हाच शब्द होता त्याला. करड्या ढगात पांढरा ठिपका कुठे आहे, दोरा ओढलेल्या कापडासारखी घडी कुठे पडलीये, ते शोधायचं. बहुतेक बायकांत काही नसतं. थोड्यांत असेलसं वाटतं, त्यांना पुन्हा बोलवावं लागतं, आणि त्यांतल्याही बहुतेकींत नसतंच. एखादीत असतं. त्या एकीसाठी सगळा खटाटोप.

थोरलीला तपासणीला नेलं तेही धाकटीनेच, जवळजवळ मानगूट धरून.

"मला काय धाड भरलीये?" थोरली म्हणाली होती.

"धाड भरायच्या आधीच करायची असते ती, वहिनी."

"आणि तुमच्या त्या डॉक्टराला डुलकी लागली तर?"

"एक नाही, दोन डॉक्टर बघतात. वेगवेगळे. पहिल्याने काय ठरवलं ते दुसऱ्याला दिसत नाही, झाकलेलं असतं. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा धरतो. चार डोळे असतात तुमच्यावर."

"चार डोळे म्हणजे दोन चष्मे," थोरली म्हणाली, पण गेली. परत येताना म्हणाली, दारात बोट चेमटलं तर निदान दार लावणाऱ्याला शिव्या देता येतात, इथे यंत्रावरची पोरगी इतकी गोड बोलत होती की तेही जमेना. मग पत्र आलं. सर्व ठीक, पुढच्या फेरीला या. थोरलीने ते फ्रिजवर चिकटवलं.

आठ-नऊ महिन्यांनी, शिकाऊ पोराला चौकात गिअर बदलायला लावून, थोरलीने धाकटीला फोन केला.

"अगं, सीटबेल्ट टोचतोय मला. म्हटलं बेल्ट जुना झाला, बदलला. नवा पण त्याच जागी टोचतोय. तेव्हा आता बेल्टचा काही दोष दिसत नाही मला."

गाठ होती. चांगली लिंबाएवढी.

उपचार सुरू झाले. आधी सलाईनमधून औषध, मग शस्त्रक्रिया. थोरलीचे केस गेले तेव्हा ती म्हणाली, चला, काचा खाली करून गाडी चालवता येईल, बटा तोंडात जायच्या नाहीत. धाकटी हसली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. फ्रिजवरचं पत्र तसंच होतं. ना थोरलीने काढलं, ना कोणाची काढायची हिंमत झाली.

केंद्रात अशा गाठीला नाव होतं: मधल्या काळातला कॅन्सर. दोन तपासण्यांच्या मधे उपटतो तो. काही खरोखरच मधेच उगवतात, भराभर वाढतात, त्याला कोणाचा इलाज नाही. किती टक्के असे निघाले तर चालतात याचाही एक आकडा असतो, आणि केंद्राचा आकडा त्याच्या आत होता. थोरली चालण्याजोग्या टक्क्यांत होती.

धाकटीने थोरलीची जुनी चित्रं काढली. डाव्या स्तनात, वरच्या बाजूला, काखेकडे, घडी होती. बारीक, पण होती. पहिलं वाचन सरांचं. दुसरं तिचं स्वतःचं. वाचताना पडद्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. जावेची छाती आपण बघतोय हे तिला कळायचं कारण नव्हतं. पण दोघांनीही 'ठीक' म्हटलं होतं.

सर म्हणजे केंद्रातले ज्येष्ठ डॉक्टर. निवृत्तीला आलेले, खिशात कायम बडीशेप, आणि धाकटीला हे वाचन अक्षरओळखीपासून शिकवलेलं ते त्यांनीच. त्यांनी चित्र बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"आता माहीत आहे म्हणून दिसतंय, डॉक्टर," ते म्हणाले. "निकाल लागल्यावर सगळ्यांनाच पेपर सोपा वाटतो. बाकी तेव्हा दिसलं असतं की नाही, देव जाणे."

हे खरं होतं. इतकं खरं होतं, की त्याच्यावर डोकं टेकून झोपता आलं असतं.

पण पुढच्या आठवड्यात सरांची दाढ काढायची निघाली. रोजची पद्धत अशी, की सकाळी सर वाचायचे आणि दुपारी तीच चित्रं धाकटी. केंद्र सुरू झाल्यापासून अशीच. त्या दिवशी सर दुपारी येणार म्हणून पहिलं वाचन धाकटीकडे आलं. चहा घेऊन ती बसली, पहिल्या बाईची चित्रं उघडली, आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

चित्रं बरोबर होती. यंत्र ठीक होतं. उजेड ठीक होता. तरी तिला कुठे बघावं तेच कळेना. प्रत्येक चित्र सारखंच सपाट, सारखंच लांब, समोर नुसतं उभं, मुक्या पोरासारखं. रोज जे काम जेवायच्या सुट्टीनंतर चहा निवायच्या आत मार्गी लागायचं, ते आज चिखलातून चालल्यासारखं होत होतं. ओळखीचा जिना उतरताना कोणी कठडा काढून नेला असावा तसं. दहा-बारा बायका झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले आणि स्वतःलाच विचारलं: बाई गं, रोज तुला कठडा कुठून मिळत होता?

मग तिने एक प्रयोग केला. एक अगदी साधं चित्र घेतलं, ज्यात काही नाही हे नक्की होतं. त्याचा एक रिकामा कोपरा मोठा केला, उजेड वाढवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि चित्र बंद केलं. पुन्हा उघडलं. ते तसंच उघडलं. तोच कोपरा, मोठा केलेला, उजळलेला.

दोन वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं होतं. मोठं गुणी. पहिल्याचा निकाल दुसऱ्यापासून कुलपात ठेवायचं. पण चित्र शेवटी ज्याने हाताळलं त्याने ते कसं ठेवलं, हे लक्षात ठेवायची त्याला खोड होती. सर जिथे घुटमळायचे, तो भाग मोठा होऊन राहायचा. जिथे घुटमळायचे नाहीत, ते चित्र सपाट उघडायचं. आणि धाकटी, तिच्याही नकळत, शिकली होती. मोठं होऊन उघडलं की सावध व्हायचं, सपाट उघडलं की पुढे जायचं. कोणी सांगितलं नव्हतं. अंगवळणी पडलं होतं, जशी स्वयंपाकघरातली ठेच न लागणारी वाट अंगवळणी पडते. तिला वाटत होतं ती बायकांच्या छात्या वाचतेय. ती सरांचा हात वाचत होती. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होती, आणि वर तहान भागली म्हणून सांगत होती.

थोरलीचं चित्र सपाट उघडलं असणार.

दुपारी सर आले, गाल सुजलेला, तोंडात कापूस. धाकटीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि काही न बोलता तोच प्रयोग करायला लावला. त्यांनी केला. मग दुसऱ्या चित्रावर केला. मग तिसऱ्या. मग तोंडातला कापूस काढून बाजूला ठेवला.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "दोन वर्षं मी एकटाच होतो."

"सर..."

"नाही, ऐक. डॉक्टर, मी हल्ली भरभर जायचो. डोळे दुखतात. वाटायचं, मागे तू आहेस. तुझी नजर तिखट आहे. माझ्याकडून निसटलं तर तू धरशील." त्यांनी गालावर हात धरला. "तू माझ्या भरवशावर आणि मी तुझ्या. बायका कोणाच्या भरवशावर होत्या?"

भिंतीवर केंद्राचा फलक होता, सोनेरी अक्षरांत: दोन वाचकांतील एकमत, अठ्ठ्याण्णव टक्के. देशात पहिले. त्याच्याखाली दोघांचा फोटो, हसरा.

संचालक वाईट माणूस नव्हता. हे सांगायला हवं, कारण वाईट असता तर सोपं झालं असतं. याच माणसाने मोहिमेसाठी निधी ओढून आणला होता, गाड्यांवर यंत्रं चढवून आडवाटेच्या वस्त्यांत पाठवली होती. त्याने धाकटीचं सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं आणि विचारलं, "हे सेटिंग बंद करता येतं?"

"एका बटणाचं काम आहे."

"मग आजच करा. विषय संपला."

"आणि मागची दोन वर्षं?"

"मॅडम, पुढच्या आठवड्यात गुणवत्तेची पाहणी आहे. मानांकन गेलं तर निधी गेला, निधी गेला तर गाड्या उभ्या. आणि बायकांना काय सांगू? तुमची तपासणी अर्धवट झाली म्हणून? पहिल्या वाचकाने तर नीटच पाहिलंय ना? आधीच दहांतल्या चार येत नाहीत. उरलेल्या सहा पण घरी बसतील. त्याने किती मरतील, तो हिशेब मांडलात?"

तिने मांडला होता. तेच तर होतं. त्याचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, आणि गिळताही येत नव्हतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम," संचालक म्हणाला, तेही हळूच, समजुतीच्या सुरात. मग एक कागद तिच्यापुढे सरकवला. पाहणीसाठी दोन्ही वाचकांनी द्यायचं निवेदन. 'दुसऱ्या वाचकास पहिल्या वाचकाचा निर्णय दिसत नाही.' "हे खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. निर्णय दिसत नव्हताच. वाक्य धुतल्या तांदळासारखं होतं. धाकटी ते घेऊन घरी आली आणि दोन दिवस तिने ते पर्समध्ये बाळगलं. सही केली तर काय होईल? काही नाही. सेटिंग त्याच दिवशी बंद केलं होतं, पुढच्या बायकांना खरे चार डोळे मिळणारच होते. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत पहिलं नाव तिचंच. नवरा म्हणाला, तुला जे ठीक वाटेल ते कर. नवरे हे वाक्य कधी उच्चारतात ते सगळ्या बायकांना माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी ती थोरलीकडे गेली. थोरली डोक्याला रुमाल बांधून खिडकीशी बसली होती आणि खाली रस्त्यावर गाडी लावणाऱ्या एका माणसाला मनातून शिकवत होती. भाऊजींनी चहा आणून ठेवला आणि बायकांचं काहीतरी आहे हे ओळखून ते आत गेले.

धाकटीने सगळं सांगितलं. सरांची दाढ, कठडा, सपाट चित्रं. शेवटी म्हणाली, "दुसरी मी होते, वहिनी. तुमचं चित्र मीच पाहिलं होतं."

थोरलीने खिडकीतून नजर काढली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"म्हणजे तू मला ओढत नेलंस," ती म्हणाली, "चार डोळे म्हणालीस. आणि दोनच होते."

"हो."

"आणि ते पण म्हाताऱ्याचे. दुखरे."

"हो, वहिनी."

"दिसलं असतं का तुला? नीट बघितलं असतंस तर?"

"माहीत नाही. शपथेवर सांगते, माहीत नाही. दिसलं असतं, नसतं. आता ते कधीच कळायचं नाही."

"हे तर त्याहून वाईट." थोरलीने चहा ढकलला. आवाज चढला. "मला गाठ झाली त्याचं मी बघून घेईन, ती माझी गाठ आहे. पण तू मला काय सांगून नेलंस? माझ्या पायाखाली ब्रेक असतो तो कशाला? पोरगं चुकलं तर दाबायला. मी रस्ता सोडून त्या पोराच्या पायाकडे बघत बसले, त्याने दाबला की दाबला, नाही तर नाही, तर त्या ब्रेकला काय जाळायचंय? फुकटची पोटरी जाड!"

धाकटीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. थोरलीने दोन्हींकडे काणाडोळा केला.

"हसू नकोस. रडू पण नकोस, मला जमत नाही सध्या. बाकीच्यांना सांगितलंत का?"

"कोणाला?"

"अगं, मी एकटी होते का त्या दोन वर्षांत? बाकीच्या बायकांना!"

"संचालक म्हणतात घाबरतील. पुन्हा यायच्याच नाहीत."

"घाबरतील? बायका?" थोरली उठून उभी राहिली, उठताना तोल गेला, खुर्ची धरली, पण उभी राहिली. "बाळंतपणं काढली, म्हातारी माणसं उचलली, छातीवर यंत्र चढवून घेतलं. आणि खरं ऐकून घाबरतील? खोटं ऐकून ज्या शांत बसल्यात ना, त्यांच्याबद्दल मला भीती वाटते. तुला त्या येऊन ओरडतील याची भीती आहे, त्या यायच्या नाहीत याची नाही. बरोबर?"

धाकटीने मान खाली घातली. बरोबर होतं.

"मग ओरडून घे. मी आत्ता ओरडले, मेलीस का?"

जाताना धाकटीने फ्रिजकडे पाहिलं. "ते काढू का, वहिनी?"

"हात लावू नकोस त्याला," थोरली म्हणाली. "तुझं काम होईपर्यंत राहू दे तिथेच."

पाहणीला तीन जण आले. त्यांनी यंत्रं पाहिली, नोंदी पाहिल्या, सोनेरी फलकाचं कौतुक केलं. मग बैठकीत संचालकाने निवेदनं पुढे केली. सरांच्या कागदावर सही नव्हती. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, जणू वर्गात तिला पुढे बोलावत होते. धाकटीच्या कागदावर सही होती, पण छापील वाक्य एका रेषेने खोडलं होतं आणि खाली तिच्या हाताने लिहिलं होतं: 'दुसऱ्या वाचकास पहिल्या वाचकाची नजर दिसत होती. दोन वर्षे या केंद्रात एकच वाचन झाले.'

"हे काय आहे?" पाहणीतल्या बाईंनी विचारलं.

"सांगून कळणार नाही. चला, दाखवते," धाकटी म्हणाली.

"मॅडम, ही जागा नव्हे," संचालक म्हणाला.

"मग कुठली जागा? मानांकन मिळाल्यावर हारतुऱ्यांची?" थोरलीसारखा आवाज आपल्याला कधी काढता यायचा नाही हे तिला ठाऊक होतं, पण आहे तो तिने ठेवला. "साहेब, तुम्ही म्हणता पहिल्याने नीट पाहिलंय. बायकांना आपण पहिल्याचा शब्द नव्हता दिला. दोघांचा दिला होता. मी स्वतः दिला होता, घरोघरी, सभांमध्ये, माझ्या जावेला. आपलं एकमत अठ्ठ्याण्णव टक्के आहे, कारण एकमत व्हायला दुसरं मतच नव्हतं."

अंधाऱ्या खोलीत तिने बंद केलेलं सेटिंग पुन्हा सुरू केलं आणि त्यांना ती गंमत दाखवली. चित्र मोठं केलं, बंद केलं, उघडलं. पाहणीतल्या बाई पडद्याकडे वाकल्या आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, "अरे!" मागून सर म्हणाले, "पहिला वाचक मी. माझंही हेच म्हणणं आहे, आणि ते तिचं पाहून ठरवलेलं नाही." त्या खोलीत हसायची सोय नव्हती, पण कोणीतरी हसलं.

त्यानंतर व्हायचं ते झालं. मानांकन गेलं. फलक उतरला, मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. सर आणि धाकटी, दोघांचं वाचन चौकशी होईपर्यंत थांबवलं. दोन वर्षांत ज्यांना 'ठीक' म्हटलं होतं त्या सगळ्या बायकांची चित्रं दुसऱ्या केंद्रांवर गेली, ज्यांना सरांचा हात कधी माहीत नव्हता अशा डोळ्यांपुढे. सेटिंग बंद करून.

पत्रं पाठवायची वेळ आली तेव्हा संचालकाने मसुदा केला: 'काही तांत्रिक कारणास्तव आपल्या तपासणीचे पुनरवलोकन करण्यात येत आहे.' धाकटी तो घेऊन त्याच्या दारात खुर्ची टाकून बसली.

"तांत्रिक कारण म्हणजे मी का?" तिने विचारलं.

"मॅडम, तुम्हाला अजून काय हवंय? सगळं तर घालवलंत माझं."

"मराठी हवंय, साहेब. त्या बाईला कळेल असं. तुमचं चित्र दोघांनी वेगवेगळं बघायचं होतं. तसं झालं नाही. चूक आमची. म्हणून पुन्हा बघतोय."

"चूक आमची असं सरकारी पत्रात लिहितात का कधी?"

"मग आता लिहू या."

ती उठली नाही. दुपारी शिपाई तिला चहा देऊन गेला, संध्याकाळी झाडणारी बाई तिच्या खुर्चीभोवती झाडून गेली. संचालक तिला ओलांडून आत-बाहेर करत राहिला. शेवटी कंटाळला, की त्यालाही ते बरोबर वाटलं, कोण जाणे, त्याने पेन काढलं आणि 'तांत्रिक कारणास्तव' खोडलं.

फेरतपासणीसाठी पहिल्या तुकडीतल्या बायकांना बोलावलं त्या सकाळी बसायची खोली ओसंडली. चित्रं पुन्हा वाचल्यावर ज्यांच्यात शंका वाटली त्या आल्या होत्याच. पण ज्यांना बोलावलं नव्हतं त्याही आल्या होत्या, नुसतं पत्र वाचून. शेजारणींना, बहिणींना, एकदोघी तर अशा मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या ज्यांनी आजवर कधी तपासणी केलीच नव्हती. कोणी घाबरून घरी बसलेली दिसत नव्हती. चिडलेल्या मात्र सगळ्या होत्या. खिडकीवरची मुलगी रडकुंडीला आली होती.

रुमाल बांधलेली थोरली मधोमध उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"रांग लावा बायांनो! डावीकडून आत, उजवीकडून बाहेर, मधे कोणी थांबायचं नाही! ओरडायचं असेल तर जागेवर बसून ओरडा, पाय दुखतील!"

धाकटीला वाचायची परवानगी नव्हती, पण हाताने तपासायला आणि सोनोग्राफी करायला माणसं कमी होती, म्हणून तिला आतली खोली दिली होती. तिने दार उघडलं. गलका एकदम तिच्याकडे वळला. पत्रात नाव नव्हतं, पण गावात बातमीला नाव लागतंच.

"हीच का ती?"

"फुकटचा पगार घेत होत्या दोन वर्षं?"

"माझ्या बहिणीला ठीक म्हणालात, ती गेली! तिचं कोण बघणार पुन्हा?"

धाकटी दारातच उभी राहिली. मागे सरकली नाही. थोरली तिच्याकडे बघत होती, पण मधे पडली नाही. आणि धाकटीला कळलं, की ती मधे पडणारही नाही.

"तुमच्या बहिणीचं चित्र काढून बघायला लावते," ती म्हणाली. "काय निघेल ते तुम्हाला सांगेन. वाईट निघालं तरी सांगेन."

ती बाई तिच्याकडे बघत राहिली. मग बसली.

पहिल्या नंबराची बाई आत आली. साठीकडे झुकलेली, हातांवर कागदाच्या बारीक चिरा, अंगाला शाईचा वास. छापखान्यात बांधणीच्या कामाला होती. दार लावून घेतलं तरी बाहेरचा आवाज येतच होता. ती बसली नाही.

"दुसऱ्या डॉक्टर तुम्हीच ना? ज्यांनी पाहिलं नाही?"

"हो. मीच."

बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग पर्स खुर्चीवर ठेवली, ब्लाउजची बटणं काढायला लागली आणि शेवटच्या बटणाशी थांबून म्हणाली, "दुसऱ्या कोणाला तरी बोलवा म्हणणार होते मी. पण नको. तुम्हीच बघा. आणि घाई केलीत तर मी उठणार नाही इथून."

धाकटीने हात धुतले. गरम पाण्याखाली चोळून तळवे कोमट केले. मग दिवा ओढून जवळ घेतला, खुर्ची पुढे सरकवली आणि बघायला लागली.